सामाईक संगणक आणि वैयक्तिक मांडणी : सेटिंग्ज व प्लगइन नेमके कुठे ठेवावेत?

सुरंगी

नमस्कार. फोंड्याजवळच्या एका संस्थेतील संगणक प्रयोगशाळेची देखभाल गेल्या जूनपासून माझ्याकडे आली आहे. चोवीस संगणक आहेत. त्यांपैकी दहांवर उबुंटू असून तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते आहे आणि सर्वांच्या होम डिरेक्टऱ्या (ज्याच्या त्याच्या फाइलींची घरे) एका सर्व्हरवर आहेत. उरलेल्या चौदांवर विंडोज आहे, सर्वांसाठी 'स्टुडंट' हे एकच खाते आहे, आणि संगणक रीस्टार्ट होताच सारे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर माझ्या आधीच्या गृहस्थांनी त्यांवर बसवून ठेवले आहे.

खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनीचे) बांध आणि मानशी (पाण्याची झडपदारे) नकाशावर दाखवण्याचा प्रकल्प चालू असल्यामुळे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचा वापर सर्वाधिक होतो. अहवालासाठी लिबरऑफिस आणि आकडेमोडीसाठी 'आर' ही संगणकभाषा आहे. अडचण अशी की एकच प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी) चाळीस विद्यार्थी चाळीस वेळा उतरवून घेतात, विंडोजवर उतरवलेले दुसऱ्या दिवशी नाहीसे होते, आणि लिबरऑफिसच्या वैयक्तिक शब्दकोशात कष्टाने घातलेले 'मुंडकार', 'भाटकार', 'राजांगण' हे गोमंतकीय शब्द परत तांबड्या रेघेखाली येतात. सॉफ्टवेअर सर्वांचे आणि मांडणी ज्याची त्याची, ही व्यवस्था तुम्ही आपापल्या ठिकाणी कशी लावली आहे?

बांधावरचा

चौदा संगणकांवर एकच खाते ठेवून वर वैयक्तिक सेटिंगची अपेक्षा करणे म्हणजे देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या खोलीत) एका रात्रीपुरते उतरून भिंतीला खिळा ठोकावा आणि पुढच्या जत्रेला तो जागेवर नाही म्हणून कमिटीकडे तक्रार करावी, असे झाले.

जुना_टर्मिनलवाला

बांधावरचा यांचा खिळा योग्य जागी बसला आहे, परंतु सुरंगीताईंच्या प्रश्नाचा उबुंटूचा भाग वेगळा असल्याने तो आधी घेतो. (फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टंकताना मूळ इंग्रजी अक्षरे वापरावीत.)

बहुतेक सॉफ्टवेअर आपली माहिती तीन थरांत शोधते. सर्वांत खाली, सॉफ्टवेअरबरोबर आलेली मूळ मूल्ये असतात आणि ती 'यूएसआर' किंवा 'ऑप्ट' या फोल्डरांखाली राहतात. त्यावर त्या संस्थेपुरती व्यवस्थापकाने ठरवलेली मूल्ये असतात आणि त्यांची जागा साधारणपणे 'ईटीसी' ही असते. सर्वांत वर वापरणाऱ्याची स्वतःची निवड येते आणि ती त्याच्या होम डिरेक्टरीत राहते. वरचा थर खालच्याला झाकतो, पण पुसत नाही, आणि या एका गुणावर सगळी सामाईक व्यवस्था उभी आहे. विद्यार्थ्याने काही बिघडवले तरी त्याचा थर बाजूला काढताच मूळ सॉफ्टवेअर जसेच्या तसे खाली सापडते.

होम डिरेक्टरीतही शिस्त आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम बिंदूने सुरू होणारी आपली फाइल थेट घरात टाकून मोकळा होत असे. २००३ पासूनच्या 'एक्सडीजी' या लिनक्स डेस्कटॉपसाठीच्या नियमावलीने सेटिंगसाठी 'डॉट कॉन्फिग', विदा व प्लगइन यांसाठी 'डॉट लोकल' खालील 'शेअर', आणि पुन्हा तयार करता येण्याजोग्या तात्पुरत्या ऐवजासाठी 'डॉट कॅश' अशी विभागणी केली. बॅकअप घेताना कॅश सोडून दिला तरी चालतो, ही गोष्ट साठवणुकीच्या कोट्याच्या भांडणात फार उपयोगी पडते.

ओसरी

बिंदूने सुरू होणारी फाइल लपते, हे मुळात कुणी ठरवले होते का?

जुना_टर्मिनलवाला

कुणीच ठरवले नव्हते. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या आज्ञेने 'बिंदू' (चालू फोल्डर) आणि 'दोन बिंदू' (त्याच्या वरचा फोल्डर) या दोन नोंदी दाखवू नयेत म्हणून नावाचे केवळ पहिले अक्षर तपासण्याचा सोपा मार्ग घेतला गेला, आणि त्या आडवाटेमुळे बिंदूने सुरू होणारे सगळेच अदृश्य झाले, असे युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले होते. त्यांच्या मते ती चूकच होती. आपण त्या चुकीत आता घरे बांधून राहतो आहोत.

कुळागर

मी क्यूजीआयएसपुरते सांगतो, कारण तेच काम रोज करतो.

तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, क्यूजीआयएसमध्ये 'युजर प्रोफाइल' (ज्याच्या त्याच्या सेटिंग्ज व प्लगइनांचा संच) ही सोय आहे. लिनक्सवर प्रोफाइलचे फोल्डर 'डॉट लोकल, शेअर, क्यूजीआयएस, क्यूजीआयएस३, प्रोफाइल्स' या मार्गावर असते, विंडोजवर 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'रोमिंग'खाली असते, आणि त्यातल्या 'पायथन' फोल्डरमधील 'प्लगइन्स' येथे उतरवलेले प्लगइन जाऊन बसतात. चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस प्रती होतात त्या इथे.

सर्वांना लागणारे पाच-सहा प्लगइन तुम्ही स्वतः एकदाच उतरवून 'ऑप्ट'खाली एका फोल्डरात ठेवा आणि 'क्यूजीआयएस प्लगइनपाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून पुरवायच्या मूल्यात) त्या फोल्डरचा मार्ग द्या. मग ते सर्वांच्या यादीत दिसतात. दिसणे आणि चालू असणे यांत मात्र फरक आहे, कारण प्रत्येकाला एकदा खूण करावी लागते. ती कटकट नको असेल तर ग्लोबल सेटिंग फाइलमध्ये त्या प्लगइनांची नावे 'चालू' म्हणून लिहून ठेवता येतात. ही फाइल तुमच्या मधल्या थराची. तिच्यातली मूल्ये ज्याने स्वतः काही बदललेले नाही त्यालाच लागू होतात, ज्याने बदलले त्याचे तसेच राहते.

त्याच फाइलमध्ये नव्या प्रकल्पाची निर्देशक प्रणालीही ठरवून टाका. गोवा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, म्हणून तिचा संकेतांक, ईपीएसजी ३२६४३, घाला. आमच्याकडे एका तुकडीने अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीतच बांधांची लांबी मोजून ती अंशांमध्ये अहवालात लिहिली होती, आणि परीक्षकांनी 'हा बांध किती अंश तापलेला आहे?' असे विचारले होते.

मला ही सारी रचना गावकारीसारखी, म्हणजे गोव्यातल्या गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेसारखी वाटते. जमीन गावाची, बांधाची आणि मानशीची दुरुस्ती सामाईक, पण आपल्या वाट्याच्या तुकड्यात कोणते भात लावायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

बांधावरचा

उपमा छान आहे, पण गावकारीत वाट्याला आलेला तुकडा पूर्वी लिलावाने फिरत असे. इथे होम डिरेक्टरीचा लिलाव करायचा की काय?

छापखाना_म्हापसा

मला हे सगळे फार अवघड करून ठेवल्यासारखे वाटते. आमच्याकडे चार संगणक आहेत आणि चौघांनी एकसारखेच काम करायचे असते. एकाच्या लिबरऑफिसमध्ये स्टाइल एक, दुसऱ्याच्यात दुसरी, असे झाले तर श्रावणात सुरू केलेला अंक दिवाळीला बाहेर पडत नाही. म्हणून मी सर्वांसाठी एकच प्रोफाइल नेटवर्कवर ठेवले आहे आणि सुरू करण्याच्या आज्ञेत 'युजर इन्स्टॉलेशन' हा पर्याय देऊन चारही संगणक तिकडे वळवले आहेत. एकाने घातलेला शब्द चौघांना मिळतो. वैयक्तिक मांडणी हवी कशाला? अधूनमधून दुसरा संगणक 'प्रोफाइल वापरात आहे' म्हणून अडतो, तेव्हा मी कुलपाची फाइल पुसून टाकतो.

शेवंती

छापखाना, ती कुलपाची फाइल उगाच ठेवलेली नाही! एकाच प्रोफाइलमध्ये दोन चालू प्रोग्रॅमनी एकाच वेळी लिहू नये म्हणून ती असते, आणि तुम्ही ती पुसता तेव्हा शेवटी बंद होणारा संगणक आधीच्याचे बदल गुपचूप झाकून टाकतो. चौघांनी घातलेल्या शब्दांपैकी किती टिकले, ते एकदा मोजून पाहा.

मला खरा आक्षेप शब्दकोशाविषयी आहे. आमच्या कार्यालयातही एक सामाईक वैयक्तिक शब्दकोश होता (हा शब्दप्रयोगच किती विसंगत आहे, पाहा). एका उमेदवाराने घाईत 'विद्यापिठ' असा ऱ्हस्व 'पि' असलेला शब्द त्यात घालून टाकला. त्या दिवसापासून तांबडी रेघ गेली, आणि जवळजवळ वर्षभर आमच्या सर्व पत्रांतून विद्यापीठ ऱ्हस्वच राहिले. माझ्या एकटीच्या शब्दकोशात ती चूक असती तर माझ्याच पत्रांत दिसली असती आणि दुसऱ्या कुणीतरी ती पकडली असती. सर्वांच्या शब्दकोशात गेल्यावर ती पकडणारे डोळेच मिटले.

त्यामुळे आता आमच्याकडे दोन याद्या असतात. तपासलेल्या गोमंतकीय शब्दांची यादी व्यवस्थापक एक्स्टेन्शनच्या रूपात 'युनोपीकेजी' या आज्ञेने 'शेअर्ड' पर्याय देऊन सर्वांसाठी बसवतो, आणि ज्याची त्याची कच्ची यादी ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमधील 'वर्डबुक' फोल्डरात राहते. तिथली 'स्टँडर्ड डॉट डिक' ही साधी मजकूर-फाइल असल्यामुळे दर तीन महिन्यांनी सर्वांच्या फाइली गोळा करून, वाचून, योग्य ते शब्द पहिल्या यादीत चढवता येतात. सुरंगी, तुमच्या 'मुंडकार' आणि 'राजांगण' यांची सोय याच मार्गाने होईल.

छापखाना_म्हापसा

शेवंतीताई, मोजून पाहिले. 'पोरसू' आणि 'कुमेरी' दोन्ही गेले आहेत. माझे म्हणणे निम्मे मागे घेतो. स्टाइलच्या बाबतीत मात्र चौघांना एकच साचा हवा, हे मी सोडणार नाही.

शेवंती

साचा जरूर सामाईक ठेवा. तो केवळ वाचता येईल अशा फोल्डरात ठेवून प्रत्येकाच्या लिबरऑफिसला त्याचा मार्ग दाखवला की पुरे, त्यासाठी प्रोफाइल एक करावे लागत नाही.

माटोळी

आमच्या पूर्वीच्या एका प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी आपसांत प्लगइन द्यावे-घ्यावे या सद्‌हेतूने सामाईक प्लगइन फोल्डर सर्वांना लिहिण्यास खुला ठेवला होता. कृपया असे करू नका. प्लगइन म्हणजे चालणारा प्रोग्रॅम आहे आणि तो उघडणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. त्या फोल्डरात कुणी एक ओळ बदलली तर ती सर्वांच्या खात्यांत, शिक्षकांच्याही खात्यात चालते. आमच्याकडे कुणी दुष्टपणा केला नाही. एका मुलाने केवळ गंमत म्हणून प्रत्येक नकाशा उघडताना 'जेवलास?' असा संदेश दाखवणारी ओळ घातली, आणि ती विभागप्रमुखांना पाहुण्यांसमोर दिसली. गमतीवर निभावले, एवढेच. त्यानंतर सामाईक फोल्डर वाचण्यापुरता सर्वांचा आणि लिहिण्यापुरता एकाचाच, असा नियम झाला.

पावसाळी_दिवा

माझी कबुली याहून वाईट आहे. नव्या विद्यार्थ्यांना तयार मांडणी मिळावी म्हणून मी स्वतःचे क्यूजीआयएस प्रोफाइल उचलून 'ईटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरात ठेवले, म्हणजे नवे खाते उघडताच त्याची प्रत आपोआप घरात पडते. टूलबार, थर, रंग, सगळे छान मिळाले. त्याबरोबर मी पोस्टग्रेस विदागाराच्या जोडणीत 'पासवर्ड लक्षात ठेव' अशी खूण केलेली असल्यामुळे माझा पासवर्डही त्या साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलमधून तीस मुलांच्या घरी पोचला. हे एका विद्यार्थिनीनेच अदबीने येऊन सांगितले. नंतर पासवर्ड बदलला आणि साचा रिकाम्या प्रोफाइलपासून हाताने पुन्हा घडवला. डॉटफाइली (बिंदूने सुरू होणाऱ्या सेटिंग फाइली) गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात ठेवून सार्वजनिक करणाऱ्या मित्रांनीही एकदा आत डोकावून पाहावे.

'स्केल'चा आणखी एक स्वभाव सांगायला हवा. ती प्रत फक्त खाते उघडताना एकदाच होते. नंतर साच्यात केलेला बदल जुन्या खात्यांना कधीच मिळत नाही, आणि मी मात्र दोन आठवडे 'अजून का दिसत नाही?' म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करत होतो.

कुळागर

म्हणूनच मी 'स्केल'पेक्षा ग्लोबल सेटिंग फाइलकडे झुकतो. प्रत एकदा दिली की ती आपली राहत नाही. मधल्या थरात केलेला बदल दुसऱ्या दिवशी सर्वांना लागू होतो.

ओसरी

'आर'विषयी कुणीच बोलले नाही. आमच्याकडे आवृत्ती बदलली आणि सर्वांची पॅकेजे गायब झाली, असा आरडाओरडा झाला होता.

जुना_टर्मिनलवाला

ती गायब झाली नव्हती. 'आर'चा वैयक्तिक संग्रह आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरात राहतो. ४.३ वरून ४.४ वर गेलात की तो नव्या क्रमांकाचा रिकामा फोल्डर पाहतो आणि जुना तसाच जागा अडवून बसतो. पॅकेजे आवृत्तीशी जुळलेली असावी लागत असल्याने हे वागणे योग्यच आहे, फक्त ते आधी कुणी सांगत नाही. 'लिबपाथ्स' ही आज्ञा दिल्यावर जी यादी येते तिच्यात वैयक्तिक संग्रह आधी आणि सामाईक नंतर दिसतो, आणि शोधही त्याच क्रमाने होतो. सर्वांना लागणारी मोठी पॅकेजे व्यवस्थापकाने 'साइट लायब्ररी'त एकदाच बसवावीत. विद्यार्थ्याने तेच पॅकेज घरात जुन्या आवृत्तीचे ठेवले असेल तर मात्र त्याला जुनेच मिळेल, आणि 'सरांच्या संगणकावर चालते, माझ्यावर नाही' या वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथे असतो.

लिबरऑफिसने याउलट वाट धरली आहे. त्याचे प्रोफाइल आजही '४' नावाच्या फोल्डरात असते, आवृत्ती कितीही पुढे गेली तरी. त्यामुळे मांडणी टिकते आणि जुनी दुखणीही टिकतात.

शेवंती

दुखणे इन्स्टॉलेशनचे की प्रोफाइलचे, हे आधी ठरवावे म्हणजे निम्मे श्रम वाचतात. लिबरऑफिसमध्ये मदतीच्या मेनूत 'सेफ मोड' आहे, तर क्यूजीआयएसमध्ये नवे रिकामे प्रोफाइल उघडता येते किंवा 'नोप्लगइन्स' पर्यायाने सुरू करता येते. तिथे दोष दिसला नाही तर तो त्या विद्यार्थ्याच्या घरातला आहे, सॉफ्टवेअर पुन्हा बसवून काही होणार नाही.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. उबुंटूचे चित्र बरेच स्पष्ट झाले. पण बांधावरचा यांच्या अग्रशाळेचे काय? विंडोजवर स्वतंत्र खाती देण्याची परवानगी या सत्रात तरी मिळणार नाही, आणि पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर काढायलाही नकार आला आहे.

बांधावरचा

थट्टा मी सुरू केली, तेव्हा उत्तरही मलाच द्यायला हवे. अग्रशाळेत उतरणाऱ्याने आपली वळकटी सोबत आणावी. क्यूजीआयएसच्या शॉर्टकटमध्ये 'प्रोफाइल्स पाथ' हा पर्याय देऊन प्रोफाइलची जागा पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या विद्यार्थ्याच्या फोल्डरात नेता येते. लिबरऑफिसला छापखानावाल्यांनी सांगितलेला 'युजर इन्स्टॉलेशन' पर्याय चालतो, मात्र चौघांचा एक न करता प्रत्येकाचा वेगळा ठेवून. हजेरी क्रमांक विचारून दोन्ही मार्ग जोडणारी एक छोटी बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) डेस्कटॉपच्या मूळ प्रतीत कायमची ठेवा. हजेरी क्रमांक म्हणजे काही पासवर्ड नव्हे, त्यामुळे शेजाऱ्याचा क्रमांक टाकून त्याचे प्रोफाइल उघडण्याचा मोह होणारच. पेनड्राइव्हवर तो धोका कमी असतो, पण पेनड्राइव्ह हरवतात.

माटोळी

पुढे कधी स्वतंत्र खाती मिळाली आणि रोमिंग प्रोफाइल सुरू झाले तर आताच एक गोष्ट लक्षात ठेवा. 'रोमिंग'खालचे सर्व काही लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरून उतरते आणि लॉगआउटच्या वेळी परत चढते. क्यूजीआयएसचे प्लगइन तिथेच असल्यामुळे सकाळी नऊच्या तासाला वीस मुले एकदम बसली की पडद्यावर 'वेलकम' बघत अर्धा तास जातो. काही फोल्डर यातून वगळण्याची सोय ग्रुप पॉलिसीत (विंडोजमधल्या व्यवस्थापकाच्या नियमांत) आहे. आणि प्लगइन सामाईक फोल्डरात असतील तर वगळण्यासारखे मुळात फार उरतच नाही.

छापखाना_म्हापसा

विंडोजवरचा माझा एक जुना अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. मराठी टंकलेखनाचे एक जुने सॉफ्टवेअर आपला कळफलक 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच साठवत असे. मी कळफलक बदलला, माझ्याकडे तो नीट चालला, पण त्याच संगणकावर दुसऱ्या खात्याने बसणाऱ्या सहकाऱ्याला जुनाच दिसत राहिला. आठवडाभर आम्ही एकमेकांना खोटे पाडत होतो. व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमचे 'प्रोग्रॅम फाइल्स'मधले लिखाण न सांगता त्या-त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअल स्टोअर'मध्ये वळवते, हे कळले तेव्हा दोघेही खरे बोलत होतो असे निघाले.

सुरंगी

तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण काय केले ते सांगायचे राहिले होते.

उबुंटूवर सात प्लगइन 'ऑप्ट'खाली एकदाच ठेवले, लिहिण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे ठेवला, आणि मार्ग एका छोट्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून दिला. प्रथम तो लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या 'प्रोफाइल डॉट डी' फोल्डरमध्ये लिहिला होता, परंतु टर्मिनलमधून क्यूजीआयएस उघडले तर प्लगइन दिसत आणि मेनूतून उघडले तर दिसत नसत, म्हणून स्क्रिप्टकडे वळले. ३२६४३ ग्लोबल फाइलमध्ये गेला. गोमंतकीय शब्दांच्या यादीत सध्या एकशे बारा शब्द आहेत, आणि ते चढवण्यापूर्वी मराठीच्या सरांची सही घेते.

विंडोजवर हजेरी क्रमांकाची बॅच फाइल चालू आहे. पहिल्याच दिवशी अकरा जणांनी क्रमांक एक टाकला.

एक गाठ राहिली आहे. तीन विद्यार्थ्यांच्या घरी त्याच प्लगइनांच्या जुन्या प्रती आधीपासून आहेत आणि सामाईक फोल्डरात नव्या. कोणती चालते आहे ते त्यांना उमगत नाही. त्यांच्या होम डिरेक्टरीतून मी ती पुसावी का?

कुळागर

पुसू नका, त्यांच्या घरात आपण हात घालायचा नाही. त्यांना पायथन कन्सोल उघडून त्या प्लगइनच्या मॉड्यूलचा 'फाइल' हा गुणधर्म छापून पाहायला सांगा. कोणत्या फोल्डरातून आले ते एका ओळीत समजते, आणि मग जुनी प्रत ते स्वतःच प्लगइन मॅनेजरमधून काढतील.

पावसाळी_दिवा

आणि काढण्यापूर्वी त्या प्लगइनमध्ये त्यांनी स्वतः काही बदल केले आहेत का, ते विचारा. आमच्याकडे एकाने बांधांची उंची मोजण्यासाठी चाळीस ओळी वाढवल्या होत्या, आणि त्या दुसऱ्या कुठेही नव्हत्या.

सुरंगी

विचारले. एकीने खरोखरच बदल केले आहेत. तिचा फोल्डर वेगळ्या नावाने तिच्याच प्रोफाइलमध्ये ठेवला आहे, बाकीच्या दोघांनी जुन्या प्रती काढल्या.

बांधावरचा

त्या चाळीस ओळींच्या मुलाप्रमाणे ही मुलगीही पुढच्या वर्षी सुटून जाईल. तिचे प्लगइन चांगले असेल तर सुट्टीपूर्वी ते वाचून 'ऑप्ट'मध्ये घ्या, आणि क्रमांक एकचे प्रोफाइल तेवढे रिकामे करा, त्यात आता अकरा जणांचे टूलबार एकमेकांवर चढलेले असतील.